अकोल्याचा कॅप्टन

५ जानेवारी २०२५, रविवार

एक डाव राखून जिंकलो. आणि काडीची मजा नाही!

श्यामनं जानरावला नवा चेंडू दिला. जानराव! डावखुरा स्पिनर! खेळपट्टी फुटेपर्यंत ज्याला तो तळहातावरच्या फोडासारखा जपायचा, त्याला पहिल्याच ओव्हरला! माझ्या ओपनरांनी धुतला नुसता. अकोल्याचं ऊन तरी उन्हाळ्यात डोक्यात जातं. याच्या डोक्यात थंडीतच गेलेलं दिसतं.

८ जानेवारी

साळा आला होता. अमोल. मोबाइलवर ॲपमध्ये अकरा जण निवडतो आणि स्वतःला जाणकार समजतो. माझा जुना कॉम्प्युटर पाहून म्हणे, "भाऊजी, अजून हेच खेळून राहिले का तुमी? याच्यात त बॅटिंग बी नाई करता येत!"

नाहीच करता येत! तीच तर गंमत आहे, गधड्या. संघ निवडायचा, फलंदाजीचा क्रम लावायचा, कोण कधी बॉल टाकणार ते ठरवायचं, मग हात बांधून बसायचं आणि आपल्या चुका डोळ्यांनी पाहायच्या. अकोल्याच्या होस्टेलात मी आणि श्यामनं या गेमची सीडी आणली तेव्हा हा अमोल चड्डीत होता. इंग्लंडच्या संघांची नावं पुसून आम्ही आपली टाकली. माझी अमरावती, त्याचं अकोला. मोर्शी, तिवसा, भातकुली कॉम्प्युटर चालवतो. खेळाडूंना होस्टेलातल्या लोकांची नावं. जानराव म्हणजे आमच्या मेसचा आचारी.

तेव्हापासून चालू आहे. मी इथं अमरावतीत चष्म्याचं दुकान टाकलं, तो तिकडं माती तपासायच्या लॅबमध्ये लागला, लग्नं झाली. तरी दर रविवारी तो संघ लावून फाइल पाठवतो, मी माझा लावून मॅच चालवतो. अमोलला काय समजावणार? त्याला चहा पाजून लावून दिला.

१२ जानेवारी

जानराव फलंदाजीला तिसऱ्या नंबरवर! शून्यावर गेला. अर्थातच!

मेसेज टाकला : "डोकं बाजारात विकलं का बे?"

उत्तर : "हो."

बस, एवढंच. एरवी माझ्या एका शिवीवर त्याच्या चार यायच्या, त्याही नवीन.

१६ जानेवारी

आकांक्षा म्हणते, "अवो, जिंकले ना तुमी? मंग चिडता काहून?"

बायकोला हे कळत नाही. अमोलचीच बहीण.

श्यामला फोन केला. उचलला नाही. परत केला, तरी नाही. लॅबमध्ये इन्चार्ज झालाय ना! साहेब झाले की असंच होतं. जुने मित्र म्हणजे पायातली चप्पल.

१९ जानेवारी

विकेटकीपरच घेतला नाही!! अकरा जणांत एकही कीपर नाही. दहा वर्षांच्या पोरानं असं केलं असतं तर कान उपटले असते.

२६ जानेवारी

जानराव आता कॅप्टन. अकोला ४१ ऑल आउट.

मी बराच घाण मेसेज पाठवला. त्याच्या सात पिढ्या आल्या त्यात. उत्तर : "बरं."

म्हणजे हा पाहतही नाही. डोळे मिटून बटणं दाबतो आणि माझ्या तोंडावर फेकतो. कंटाळा आला असेल तर सांग ना सरळ! येत्या रविवारी अकोल्याला जातो. तोंडावर विचारतो आणि संपवतो हा विषय.

२ फेब्रुवारी, रविवार

बडनेऱ्याहून गाडी पकडली. मूर्तिजापूरपर्यंत भांडणाची तयारी केली. वाक्यं पाठ केली होती.

जठारपेठेत त्याचं घर. प्रणालीवहिनींनी दार उघडलं आणि मला पाहून उभ्याच राहिल्या. "भाऊजी... तुमी?"

"कुठं हाय तो साहेब?"

साहेब आतल्या खोलीत, खुर्चीत. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कोणी दुसऱ्यानं ठेवावा तसा. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला पाहून घशातून नुसता आवाज काढला.

डिसेंबरात झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समोर तोच जुना कॉम्प्युटर, गेम चालू.

"मी लावतो टीम," वहिनी म्हणाल्या. "हे डाव्या हातानं दाखवतात, मले काही समजत नाई. एकच नाव ओळखीचं होतं — जानराव. आमच्या लग्नात भाजी त्यायनंच केली होती ना. म्हणून त्यालेच घेतो सगळीकडे."

"मला कळवलं काहून नाही?"

"मी फोन लावत होती, त यायनं हात धरला. कितीदा विचारलं, तरी मान हलवून नाईच. मंग मीच म्हटलं, भाऊजीले समजलं त ते मुद्दाम हारतीन म्हणून का? त मान डोलावली. हो म्हणे."

मूर्ख माणूस! मला एवढ्या वर्षांत ओळखलं नाही — असं मोठ्यानं म्हणालो. पण हरलो असतो. नक्की हरलो असतो. त्यानं बरोबर ओळखलं होतं.

निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ते मेसेज बंद नोका करू. मी वाचून दाखवतो. पूर्ण नाई वाचवत मले... पण तेवढ्याच वेळी हासतात ते."

४ फेब्रुवारी

दुकानात दोन गिऱ्हाइकांना चुकीच्या फ्रेमी दिल्या. आकांक्षाला सांगितलं. तिनं ताट वाढलं.

९ फेब्रुवारी

फाइल आली. मी माझा फास्ट बॉलर बाहेर बसवायला निघालो होतो. कर्सर त्याच्या नावावर नेलाही. मग नाही बसवला. फिल्डिंग उलट आणखी आवळली. अकोला ३६ ऑल आउट.

मेसेजला मात्र तासभर लागला. शिव्या सुचेनात! जे लिहीन ते केविलवाणं वाटे. शेवटी अमोलला डोळ्यासमोर आणलं, तेव्हा कुठं जमलं. लिहिलं की असला कॅप्टन भातकुलीच्या बैलबाजारातसुद्धा कोणी फुकट नेणार नाही. शिवाय बरंच काही, जे इथं लिहीत नाही.

१० फेब्रुवारी

वहिनींचा फोन. मेसेज वाचून दाखवला, तर श्याम बोलला! एकच शब्द, मला उद्देशून. त्या तो सांगेनात, नुसत्या हसून राहिल्या, रडून राहिल्या. पण म्हणाल्या, "साफ बोलले भाऊजी. शेवटच्या अक्षरापर्यंत!"