दुपारच्या मुंग्या

बोरी, १० नोव्हेंबर १९८७
सामान लागलं. शाळेमागचं दोन खोल्यांचं माळवदाचं घर, अंगणात शेवगा, आणि शेजारी सरजाबाई. त्यांनी आल्या आल्या चहा पाठवला. इतका गोड, की पहिल्याच घोटाला हसू आलं. आमच्या ह्यांना, भगवानरावांना, अगदी असाच लागायचा.

ते चैत्रात गेले. परभणीच्या घरात एकटीनं राहवेना, म्हणून इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले. त्यांनी हौसेनं घेतलेला टीव्ही तेवढा सोबत आणला. त्यांचा चेहरा हल्ली पटकन आठवत नाही. आठवतो तो फोटोतला, आणि फोटोत ते नेहमी श्वास रोखून उभे. तो चेहरा त्यांचा नव्हे. पण इथं छान वाटतंय. खिडकीतून कापसाचं रान दिसतं.

१५ नोव्हेंबर, रविवार
आज टीव्हीचा सोहळा झाला. सरजाबाईंचे यजमान सटवाजी माळवदावर चढून अँटेनाचा पाइप फिरवत होते. ते वरून ओरडायचे, “आलं का?” आणि आम्ही खिडकीतून, “गेलं! मागं फिरवा!” पडद्यावर नुसत्या मुंग्या. शेवटी मी टीव्हीमागची चपटी तार घट्ट करायला गेले. तिच्या उघड्या टोकाला बोट लागलं आणि चित्र लख्ख झालं. बोट काढलं की पुन्हा मुंग्या.

“बाई, हात काढू नका, दिसायलाय!” सरजाबाई ओरडल्या. मग काय, मी टीव्हीमागे तार धरून बसले आणि आख्खी मालिका नुसती ऐकली. सरजाबाई म्हणाल्या, “आमच्या मालकावानीच हाय हे यंत्र. हाताला धरल्याबिगर हालतच न्हाई.” सटवाजी वरून म्हणाले, “ऐकू यायलंय मला!” किती दिवसांनी पोट धरून हसले.

१८ नोव्हेंबर
चित्र स्पष्ट यावं म्हणून जिंतूरहून बूस्टर मागवला होता, तो जोडून पाहिला. दुपारी कार्यक्रम नसतात हे लक्षातच नव्हतं. तार पुढे ओढून सहज धरली. मुंग्यांमध्ये हळूहळू एक माणूस उमटला. पाठमोरा, डावा खांदा किंचित उतरलेला.

बत्तीस वर्षं त्या खांद्यामागून बाजारात चालले आहे मी. तार सोडली, गेले. धरली, आले.

२० नोव्हेंबर
शाळेतून धावत घरी येते. जितका वेळ तार धरावी तितके ते वळतात. आज कान दिसला, कानामागचा तीळसुद्धा. तीळ मी विसरले होते! तो पाहून लहान मुलीसारखी रडले.

हात कोपरापर्यंत गार पडला आहे. असू दे. चेहरा एकदा दिसला पाहिजे, बस्स.

२२ नोव्हेंबर, रविवार
सरजाबाई मालिकेला आल्या. टीव्ही बिघडलाय म्हणून सांगितलं. त्यांनी पुढे ओढलेली तार पाहिली आणि जवळ बसून सांगू लागल्या. माझ्याआधी इथं पंडित मास्तर राहायचे. त्यांची बायको सुलाबाई वारली, तेव्हापासून ते रेडिओची तार धरून बसत. त्यात ती बोलते म्हणायचे.

“उचलायला गेले तवा मास्तर गार पडलेले, बाई. लय वढलं, पण मूठ उघडंना. तशीच मिटलेली जाळावी लागली.” मग माझा हात चोळत राहिल्या. “तुमी आमच्याकडं चला ऱ्हायला. आजच चला.”

उद्या येते म्हटलं.

२४ नोव्हेंबर
गाल दिसला. हात खांद्यापर्यंत मेला आहे. आज मूठ आपण होऊन उघडेना — उजव्या हातानं एकेक बोट उपसून काढलं. भीती वाटते. तरी उद्या —

२५ नोव्हेंबर
वीज गेली आहे. चित्र आहे.

वळले. तेच आहेत. फोटोतले नव्हे — माझे. पण हसत नाहीत. मान हलवतायत. नाही, नाही. काचेला आतून तळवे लावून मला मागे ढकलल्यासारखं करतायत. ओठ कळतात मला त्यांचे. सोड, म्हणतायत. सोड.

त्यांच्या मागे — त्या मुंग्या नव्हेत. माणसं आहेत. दाटीवाटीनं. प्रत्येकाची मूठ मिटलेली —

सरजाबाई दार बडवतायत. “बाई, कडी काढा! बाई!” उठता येत नाही. उजवा हात तेवढा चालतो. त्यानं बोटं उपसता येतील अजून — लिहिणं थांबवलं तर —

पण मूठ सुटली की हा चेहरा —

रडतायत हो ते. इतक्या वर्षांत कधी रडताना नाही पाहिलं.

सोडते. अहो, सोडते. एकदाच नीट बघून घेते, मग लगेच —