पाणमांजराच्या गाण्याचं दुसरं कडवं

तीर्थस्वरूप मावशीस,

क्योहेईने गुडघे टेकून, कपाळ चटईला लावून केलेला नमस्कार पावावा. हाचिनोहेत यंदा उकाडा फार आहे असं टीव्हीवर पाहिलं आणि तुझ्या गुडघ्यांची काळजी वाटली. (ते थंडीत दुखतात हे नंतर आठवलं, पण काळजी खरी होती.) मी इथे तोक्योत खुशाल आहे. तुझा लेक रेंजीही सुक्या म्हाकुळांवर ताव मारत खुशाल असेलच. "तो इथे नाही," असं तू फोनवर म्हणालीस तेव्हा मागून शिंक ऐकू आली. ती शिंक मी इतकी वर्षं प्रत्येक रेकॉर्डिंगमधून कापत आलोय.

भांडण कशावरून झालं हे त्याने सांगितलं नसेल, म्हणून दोन्ही बाजू मीच सांगतो, म्हणजे माझीच. आम्हा दोघांचा 'गंजका नांगर' हा बँड निघाला तो रॉक संगीताने जग हादरवायला. जग जागचं हललं नाही. मग एका निर्मात्याने ॲनिमे कार्टून-मालिकेचं शीर्षकगीत मागितलं. कथा सांगितली एवढीच, की नायक एकटा आहे आणि त्याला पाण्यापासून दूर जाता येत नाही. (चित्रं व्हायची होती. आमच्या धंद्यात गाणं आधी, नायकाचं तोंड नंतर.) काकांची मासेमारीची बोट समुद्रातून परतली नाही तेव्हापासून पोटात ठेवलेलं सगळं रेंजीने त्या गाण्यात ओतलं. मालिका लागल्यावर कळलं, नायक म्हणजे सार्वजनिक स्नानगृह चालवणारं पाणमांजर!

गाणं तुफान चाललं. बालवाडीतली पोरं शेपूट हलवल्यासारखी नाचू लागली. पुढे आम्हाला एक बदक, एक झपाटलेली इस्त्री आणि दोन ड्रॅगन मिळाले. पोटाची सोय झाली, पण रेंजीचं तोंड उतरतच गेलं. टीव्हीवर गाणं लागतं दीड मिनिट, त्यात पहिलं कडवं कसंबसं मावतं. काकांचं आहे ते दुसरं, आणि ते कुणी ऐकलेलंच नाही. गेल्या महिन्यात भरल्या सभागृहात त्याने हट्टाने अख्खं गाणं धरलं. दीड मिनिट झालं, लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि निम्मे लघवीला गेले. पहिल्या रांगेतली आजी नातवाला म्हणाली, "नीट बस रे, गाणं संपलं. आता गोष्ट लागेल."

रेंजीने माइक खाली ठेवला. आत आल्यावर मी एवढंच म्हणालो, "आजींचं काय चुकलं?"

"मग आजींना तूच गाऊन दाखव!" म्हणाला आणि जो गेला तो गेला. एवढ्याशा थट्टेवरून कुणी बँड मोडतं का गं? त्याला सांग, माझं काही अडलेलं नाही. आमच्या रेकॉर्ड कंपनीने नवा गायकही शोधलाय. तरुण आहे, दात सुंदर आहेत, शिंकत नाही.

धाकट्यांना आशीर्वाद.

तुझा,
क्योहेई

ता. क. तुमच्या आळीच्या मंडळाने यंदा पितरांच्या बोन-नाचात पाणमांजराचं गाणं ठेवलंय म्हणे. ढोलवाले तुझ्या शब्दाबाहेर नाहीत. दीड मिनिटाने ढोल थांबू देऊ नकोस. नाचणारे गोल फिरतच राहतात, मध्येच उठून जायला तिथे खुर्च्या नसतात. माइक रेंजीच्या हातात दे.

आणखी ता. क. सुंदर दातांना मी नकार देऊन आलो. कंपनी म्हणते, दोघं आलात तरच या. हे रेंजीला कळू देऊ नकोस, डोक्यावर बसेल.

शेवटचा ता. क. काकांच्या बोटीचं नाव आलं की त्याचा आवाज फाटतो. सरावात दरवेळी फाटायचा. तेवढ्या ओळीला शेजारून कुणीतरी सूर धरावा लागतो, आणि तो सूर माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. शनिवारी पोचतो. अंथरूण त्याच्याच खोलीत घाल.