कॅल्क्युलेटरमागचा चंदेरी कागद

अण्णा, हे लिहायचं मी चार वर्षं ढकलत आलोय. वही घेतली की चहाची आठवण होते, चहाला गेलो की कुणाचा तरी टेम्पो कोल्हापूरला निघालेला असतो आणि मी त्यात बसतो. आज गुरुवार, कुरुळीतल्या कंपन्यांची आठवड्याची सुट्टी, टेम्पोही उभे. म्हणून बसलोय. समोर तुमचा कॅल्क्युलेटर आहे. त्यात आता लाईट आहे.

तुम्ही महाळुंग्याच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचात. बोल्ट एकेक करून मोजत नसतात, हे मला तिथंच कळलं, डबा द्यायला आलो होतो तेव्हा. भरलेला क्रेट काट्यावर ठेवायचा, रिकाम्या क्रेटचं वजन वजा करायचं, उरलेल्याला एका बोल्टच्या वजनानं भागायचं. तुमचा कोपरा अंधारा, त्यात शुगरनं नजर मंदावलेली. दर भागाकाराला तुम्ही कॅल्क्युलेटर घेऊन दारापर्यंत उजेडात जाता, आकडा वाचता, परत येता. लोडर म्हणतो, "अण्णा, आकड्याला फिरवून आणता होय?" तुम्हीही हसता. पण घरी आईला हळूच सांगता, साहेबांच्या लक्षात आलं तर स्टोअर जाईल आपलं.

मोबाइलला मागून लाईट असतो, मग याला का नसावा, एवढीच माझी अक्कल. दहावीला दोनदा बसलेला माणूस मी. एका सुट्टीच्या दुपारी तुम्ही आडवे झालात आणि मी कॅल्क्युलेटर उघडला. काचेमागं चंदेरी कागद चिकटवलेला होता. उजेड हाच अडवतो म्हणून ब्लेडनं सोलला. मग बटणं दाबली तर आकडेच नाहीत. काच कोरी. त्याआधी मिक्सर आणि इस्त्री माझ्याच हातून गेली होती आणि तुम्ही म्हणाला होतात, हात लावशील त्याची माती करतोस. मी स्क्रू आवळले, कॅल्क्युलेटर गुपचूप तुमच्या पिशवीत ठेवला. सांगू उद्या, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावरून आलात, हातपाय न धुताच ओट्याजवळ बसलात. आई भाकरी थापत होती. तुम्ही बारा गुणिले बारा दाबलं, अगदी सावकाश, आणि माझ्यापुढं धरलं.

"मला पुसटसुद्धा दिसंना झालंय. बघ रे, किती आलेत?"

काच कोरीच होती, पण मी तुमची बोटं बघितली होती.

"एकशे चव्वेचाळीस," मी म्हणालो. "स्पष्ट दिसतंय की."

तुम्ही "बरं" म्हणालात. दुसऱ्या कुणाला दाखवून बघितलंही नाहीत, कारण विचारलं असतं तर नजर गेल्याचं बाहेर पडलं असतं. आणि मग तीन दिवसांनी तुम्हीच साहेबांकडं जाऊन सांगितलंत, मला आता दिसत नाही. डॉक्टर म्हणत होते की डोळे अजून काही वर्षं काम देतील. तुम्ही म्हणायचात, त्यांना काय माहीत. गावी गेलात, एकट्यानं रस्ता ओलांडायचं सोडलंत, मग उंबरा ओलांडायचंही. दोन वर्षांत संपलात. मी तेव्हा गोव्यात मोमो विकत होतो. का, ते विचारू नका, मलाही नीट आठवत नाही.

चार वर्षांपूर्वी भोसरीत एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं कामाला लागलो. त्यानं सांगितलं, चंदेरी कागदाला काळपट फिल्म जोडलेली असते, ती गेली की आकडे उमटतात पण दिसत नाहीत. मी जपून ठेवलेला तुमचा कॅल्क्युलेटर त्याला दाखवला, त्यानं कोऱ्या काचेमागं फिल्मचा तुकडा धरला आणि आकडे आले. मी कॅल्क्युलेटर खिशात घातला, लघवीला जातो सांगून बाहेर पडलो, तो परत त्या दुकानात गेलोच नाही.

या आठवड्यात फिल्म आणली. पहिल्यांदा आडवी लागली, काळ्यावर पांढरे आकडे आले. फिरवून लावली, मागं छोटा एलईडी बसवला. आता अंधारातही वाचता येतं. तुमचे डोळे गेले नव्हते, अण्णा. निदान त्या दिवशी तरी नाही.

आई अजून सगळ्यांना सांगते की एका दिवसात नजर गेली ह्यांची. तिला आधी सांगायचं, मग हे लिहायचं, असं ठरवलं होतं. जमलं नाही.

दार वाजलं म्हणून उठलो. आईच आहे. गावाहून एकटी, फोन न करता, पिशवी घेऊन आलीय. विचारतेय, काय लिहीत होतास रे. मी म्हणालो, काही नाही.

वहीवर हात ठेवून उभा आहे.