ऐका आणि म्हणा

५ नोव्हेंबर १९९०, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपून आज शाळा उघडली आणि माझं प्रात्यक्षिकही सुरू झालं. ग्रंथालयाच्या अभ्यासक्रमासाठी दोन महिने इथे काम करायचं आहे. मामाचं घर पनवेलच्या एसटी स्टँडमागे, तिथून शाळेत चालत जाता येतं. मुख्याध्यापक कृष्णकांत सरांनी स्वतः ग्रंथालय दाखवलं. खाडीच्या दमट हवेनं पुस्तकं फुगली आहेत, पण खोलीत भरपूर उजेड आहे. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात टीव्ही, व्हीसीआर, टेपरेकॉर्डर आणि ओव्हरहेड प्रोजेक्टर. शिक्षक त्यांना हात लावायला बिचकतात. वर्गात यंत्र नेणं, लावून देणं, पुसून ठेवणं हेही आता माझ्याकडे.

बाबा जंगल खात्यात, त्यामुळे चौथीपर्यंत मी शाळा पाहिलीच नाही. आई एक वाक्य म्हणायची, मी तिच्यामागून म्हणायची. म्हणून असेल, मधल्या सुट्टीचा गलका मला अजून नवा आणि छान वाटतो. शिपाई गंगाबाईंनी चहा आणून दिला आणि म्हणाल्या, "बाई, तुमी एवढ्या हळू बोलताय, पोरं खातील तुमाला."

७ नोव्हेंबर, बुधवार
पहिलीच्या वर्गात टेप लावला. 'ऐका आणि म्हणा' अशी एकच कॅसेट आहे. एक बाई शब्द म्हणतात, मग थोडी जागा मोकळी, तेवढ्यात मुलांनी तो म्हणायचा. आवाज गोड, पण फितीला बुरशी लागल्यानं खरखर फार. स्पिरिटच्या बोळ्यानं टेपचं हेड पुसलं, तरी तेच.

हा आवाज इथल्या जुन्या शिक्षिका कुमुदताईंचा. गंगाबाई सांगत होत्या, त्या बोलायला लागल्या की व्हरांड्यातली माणसं थांबायची. आता घरी बसून असतात. "तोंडातून अक्षर नाय. डॉक्टर म्हनतात नस दबली."

सर म्हणाले, तुमचे उच्चार स्वच्छ आहेत, त्याच कॅसेटवर तुम्हीच पुन्हा म्हणा. मला आधी अवघडल्यासारखं झालं. कुणाचा तरी आवाज पुसायचा. पण मुलांना ऐकू येत नाही हेही खरंच.

१० नोव्हेंबर, शनिवार
शाळा सुटल्यावर वार म्हटले. रेकॉर्ड आणि प्ले ही दोन्ही बटणं एकदम दाबायची, लाल दिवा लागला की बोलायचं. मोकळ्या जागा सोडताना आईची आठवण आली. आवाज चांगला उमटला आहे.

१२ नोव्हेंबर, सोमवार
मामीनं विचारलं, घरी कधी जाणार. रविवारी म्हणायचं होतं. तोंड उघडलं, जीभ हलली, शब्द आला नाही. बाकी सगळं बोलता येतं. "सुट्टीला" म्हणून वेळ मारून नेली. शाळेत एका मुलीनं पुस्तक कधी परत करू विचारलं, तेव्हाही तेच. कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं. घसा बसला असेल. मिठाच्या गुळण्या केल्या.

१४ नोव्हेंबर, बुधवार
नात्यांचे शब्द म्हटले. आई, बाबा, दादा, ताई, मामा, मामी. सरांनी ऐकून मान डोलावली.

१५ नोव्हेंबर, गुरुवार
गंगाबाई पेढे घेऊन आल्या. "कुमुदताय बोलल्या, बाई. सोमवार, मंगळवार, समदे वार. त्यांची सूनबाई रडायलाच लागली." मी म्हटलं, फार छान झालं. एक पेढा मामीसाठी हवा होता, तसं सांगायला गेले. मामी हा शब्द तोंडातून निघेना.

गंगाबाई हसल्या. म्हणाल्या, पेढा खाऊन घ्या आधी, मग बोला.

१७ नोव्हेंबर, शनिवार
बूथवरून घराजवळच्या पोस्टात फोन केला. पोस्टातल्या माणसानं आईला बोलावलं. ती हॅलो, हॅलो करत राहिली. मी म्हटलं, मी बोलते आहे. ती हसून म्हणाली, शाळेत बाई झालीस म्हणून आईला हाक मारायची नाही का? मग म्हणाली, मार ना एकदा.
मला ती मारता आली नाही. फोन ठेवला.
वार गेल्या शनिवारी म्हटले, तेव्हापासून ते गेले. नाती बुधवारी म्हटली, ती गेली. लिहिता सगळं येतं. आई. आई. हे लिहिलं, आणि तोंड नुसतं उघडं.

१९ नोव्हेंबर, सोमवार
कुमुदताईंकडे जाऊन आले. मला पाहताच त्या उठल्या, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "आई. बाबा. दादा. ताई." वार आणि नाती, त्यांच्याजवळ तेवढेच शब्द आहेत, आणि ते सगळे माझे. सूनबाई कौतुकानं बघत होती. ती चहा करायला गेल्यावर ताईंनी पाटीवर लिहिलं. कॅसेट नुसती पुसून आवाज जात नाही. दुसऱ्या कुणी त्यावर तोच शब्द म्हटला तरच आपला सुटतो. त्यांची आणखी एक कॅसेट होती, ती त्यांनी चुलीत घातली. त्यातले शब्द अजून आलेले नाहीत. आता येणारही नाहीत.
मग लिहिलं, तू त्या कॅसेटवर बोलणार हे मला कळलं होतं. मी अडवलं नाही.
मी पाटी पुसून ठेवली आणि निघाले.

२० नोव्हेंबर, मंगळवार
माइक काढून ठेवला आणि नुसतंच रेकॉर्डिंग चालवून कॅसेट पुसून पाहिली. लावली. माझा आवाज तसाच. सोमवार — मोकळी जागा — मंगळवार —

२२ नोव्हेंबर, गुरुवार
न येणारे शब्द मी मुलांना कागदावर लिहून दाखवते, म्हणून सरांना वाटतं माझा घसा गेला. म्हणाले, तुम्ही राहू द्या, आपण मुलाचाच आवाज घेऊ. सगळं पहिल्यापासून, त्याच कॅसेटवर. गंगाबाईंची नात निशा, दुसरीतली, तिला उभं करणार. निशाला दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय आहे, दुकानाच्या पाट्या, साबणाचा कागद, काहीही. गंगाबाई म्हणाल्या, "आमच्या निशाचा आवाज आता मशीनीत."
मी गप्प बसले तर आई परत मिळेल. फक्त गप्प बसायचं आहे.
रात्री झोप चांगली लागली. ह्याची लाज वाटते.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची कडी मोडली. ती मोडली की वर काही भरता येत नाही. सरांनी भोकावर चिकटपट्टी लावली, झालं, पुन्हा भरता येतं. हसले. म्हणाले, एवढंही माहीत नाही का तुम्हाला?
त्यांना चिठ्ठी लिहून सगळं कळवलं. ते म्हणाले, चार दिवस घरी जाऊन या.
जाळायला हवी. काडेपेटी हातात घेतली होती. पण मग आई कायमची —
दुसरा उपाय. कॅसेटची राहिलेली दुसरी बाजू मीच पुरी करते. काम झालं तर निशाची गरज नाही.
दुपारी म्हटलं. ये, जा, बस, ऊठ, दे, घे, थांब, नको, पुरे. नीट, जागा सोडून. सरांना ऐकवलं. ते म्हणाले, झकास, पण मुलाचा आवाज तो मुलाचाच. सोमवारी घेऊ.

२४ नोव्हेंबर, शनिवार
शाळा सुटली. गंगाबाई वर्ग झाडताहेत. कॅसेट घ्यायला ग्रंथालयात आले. ठरलं होतं. आज जाळायची.
निशा टेबलाशी बसलेली. आजीची वाट बघत. कॅसेट टेपमध्ये. तिनं दोन्ही बटणं एकदम दाबली, मला बघूनच शिकली असणार. लाल दिवा. तोंड माइकजवळ.

थांब. नको. काल गेलेले. नावानं हाक मारली तर ती ओ देईल, तीही माइकमध्येच. धावायला हवं होतं. पण आठवडाभर मी मुलांना न येणारे शब्द कागदावरच दाखवते आहे — हात वहीकडे गेला. ह्याच वहीचं मागचं पान. मोठ्या अक्षरात. तिच्यापुढे धरलं.

तिनं वाचलं. मोठ्यानं, छान, सुटं सुटं.
न. को.

तेव्हा बटण बंद केलं. आणि मी म्हटलं, नको. स्पष्ट. माझ्याच आवाजात. पुन्हा म्हटलं. नको, नको.

निशा समोर आहे. पान हातात आहे. मी म्हटलं, पुन्हा वाच बघ. ती वाचायला गेली. तोंड उघडलं. जीभ हलते आहे. ती माझ्याकडे —

व्हरांड्यात झाडू थांबला. गंगाबाई येताहेत, निशाला हाक मारत, काय गं, घरी यायचं नाय का, आणि ती त्यांना सांगायला —