हयात सासऱ्यांची मयत अशी झालेली नोंद दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
इंटरनेट वापर मोजणी कार्यालय.

विषय : सासऱ्यांना पुन्हा हयात दाखवून त्यांच्या गोळ्या चालू करणेबाबत.
संदर्भ : आपल्या मोजणीदारांची आमच्या घरी झालेली भेट.

महोदय,

मी शिवणकाम करते. घरात मी, माझी शाळकरी मुलगी आणि सासरे राहतो. नवरा वारला, त्याची तेवढी नोंद बरोबर आहे.

१. हिवाळ्यात आपले मोजणीदार आले. इंटरनेट कोण कोण वापरते, असे त्यांनी विचारले. कोणीच नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. गल्लीचा आकडा भरत नव्हता आणि वरून तगादा होता. मग त्यांनी सासऱ्यांच्या नावापुढे स्वतःचाच फोन नंबर घातला. फोन नसलेल्या प्रत्येक घरी ते असेच करत. माणूस गोड होता, चहा पिऊन गेला.

२. आकडा भरला, म्हणजे गल्लीत सगळेच इंटरनेट वापरतात असे ठरले, म्हणून दवाखान्यातली कागदावरची नोंद बंद झाली. सासऱ्यांच्या हृदयाच्या गोळ्या आता फोनवर आलेला क्रमांक सांगितल्यावरच मिळतात. तो जातो मोजणीदारांच्या फोनवर, आणि ते तर नोकरी सोडून गेले. त्याच फोनवर दरमहा, आपण हयात आहात का, असेही विचारले जाते. शेजारच्या न्हाव्याच्या वतीने कोणीतरी "नाही" असे कळवले. बिचारा स्वतःच्या मरणाविरुद्ध कचेरीत हेलपाटे घालत होता. हल्ली तो दिसत नाही. त्याच्या दाराला नवे कुलूप आहे.

३. या महिन्यात सासऱ्यांचेही तेच झाले. दवाखान्यातल्या बाईंनी पडद्यावर पाहून ते मयत असल्याचे सांगितले. मी धडधडीत समोर उभा असताना कोणाला विचारून मेलो, असे सासऱ्यांनी विचारले. बाईंनी रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावले. उरलेल्या गोळ्या मी अर्ध्या करून देते. मला फार भीती वाटते, साहेब.

४. काल किराणा दुकानदाराच्या फोनवरून मी मोजणीच्या पावतीवर लिहिलेला तो नंबर लावला. उचलणारा आवाज मोजणीदारांचा नव्हता. सासरे जिवंत आहेत, असे मी सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि घरात आणखी कोण कोण आहे, असे विचारले. मी बावळटासारखी माझे आणि मुलीचे नाव सांगून बसले.

आज सकाळी मुलीला शाळेच्या दारातून परत पाठवले. तिचे नाव पटावर दिसत नाही म्हणे.

तरी कोणालाही फोन न करता आपण स्वतः यावे आणि आम्हा तिघांना डोळ्यांनी पाहावे, ही कळकळीची विनंती. पत्ता आपल्याकडे आहेच. आम्ही दार उघडे ठेवून बसलो आहोत.

आपली नम्र,
(नाव यापुढे कोणालाही सांगणार नाही)

दिनांक : आजचा

सोबत : आजचे वर्तमानपत्र हातात धरलेला आम्हा तिघांचा फोटो.