अहवालातले बाबा

९ मार्च

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्याहून जास्त कुरकुरते, त्यामुळे गुडघ्याचं फारसं काही चालत नाही. गच्चीची गळती थांबली. शेजारच्या काकांनी नवा चष्मा घेतलाय आणि आता ते भेटेल त्याला "किती वाळलास रे" म्हणतात. एकूण सगळं ठीक.

तुझा अहवाल गेल्या महिन्यातच मिळाला. छपाई सुरेख आहे. यंत्रांमुळे शिकवणं आणि काम कसं बदलतंय यावर शिक्षणशास्त्र, इंजिनिअरिंग आणि अर्थशास्त्र अशा तुमच्या विद्यापीठातल्या तीन विभागांनी मिळून केलेलं संशोधन, आणि त्यावर माझ्या लेकीचं नाव! आईनं आधी मुखपृष्ठावरून हात फिरवला, मग माझ्यावरचं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं. 'उतारवयातही नव्या तंत्राशी सहज जुळवून घेणारे आयटीआयमधले वेल्डिंगचे निदेशक.' ती म्हणाली, "घरात टीव्हीचा रिमोट सापडत नाही यांना, आणि बघा!" मी हसलो. हात धुवायच्या निमित्तानं उठलो आणि बराच वेळ नळाखाली हात धरून नुसता उभा राहिलो.

हे फोनवर जमलं नसतं. तू मध्येच "बाबा, काहीतरीच हं" म्हणाली असतीस आणि मी ती संधी साधून विषय बदलला असता.

अहवाल प्राचार्यांनीही वाचला. मला बोलावून म्हणाले, "मास्तर, तुम्ही छुपे रुस्तम निघालात की!" नव्या यंत्रांचा विभाग माझ्याकडे दिला. निवृत्तीनंतरही मला ठेवणार आहेत. दुसऱ्या संस्थांचे निदेशक माझ्याकडे शिकायला येणार आहेत.

चिऊ, मला ते यंत्र चालवता येत नाही.

हातात वेल्डिंगची खरी टॉर्च आणि समोर खरं लोखंड असलं की मी मी असतो. पण ते सिम्युलेटरचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, की आत पडद्यावर खोट्या ठिणग्या उडतात, खोटा पत्रा हलतो आणि मला गरगरायला लागतं. पहिल्याच दिवशी यंत्रानं मला वर्गात सगळ्यांत कमी मार्क दिले. वर लाल अक्षरांत 'पुन्हा प्रयत्न करा'. मुलं हसली असती तर बरं झालं असतं. ती खाली बघायला लागली. त्यानंतर मी त्या खोलीत शिकवायला गेलोच नाही. सगळं धाकट्या बाईंनी शिकवलं.

धाकट्या बाई म्हणजे आमच्याकडे कंत्राटावर असलेल्या निदेशिका. तू मुलाखतीला येणार म्हटल्यावर मी त्यांना विनवलं, "लेक येतेय हो. तेवढ्यापुरतं मला उभं राहू द्या." त्या म्हणाल्या, "त्यात काय, मास्तर." यंत्र त्यांनीच सुरू करून ठेवलं, काय बोलायचं तेही सांगितलं. मुलांची भीती कशी घालवता, असं तू विचारलंस. त्यावरचं माझं जे उत्तर तू चौकटीत छापलंयस, ते त्यांचं वाक्य आहे.

लेकीसमोर म्हातारा दिसू नये, एवढंच मनात होतं. पण विभाग माझ्याकडे आला, तेव्हा एका कामाला दोन माणसं कशाला, म्हणून बाईंचं कंत्राट वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी त्या निरोप घ्यायला आल्या. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी काय म्हणालो माहितीये? "तुम्हाला कुठेही चांगली जागा मिळेल." त्यांनी मान हलवली आणि गेल्या. लाज वाटते असं लिहिणंसुद्धा मला आता पळवाट वाटते.

उद्या प्राचार्यांना सगळं सांगतोय. त्याआधी तुला कळायला हवं, कारण माझ्या खोट्याखाली तुझी सही आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. तिचा वाचतानाचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

तुला तोंड कसं दाखवावं हे न सुचलेला,
तुझा बाबा


१७ मार्च

बाबा,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही प्राचार्यांशी बोललात, त्यांनी विभाग काढून घेतला आणि तुम्हाला परत जुन्या वर्कशॉपमध्ये पाठवलं, हे आईनं फोनवर सांगितलं. "जेवतात नीट, पण बोलत नाहीत," म्हणाली. म्हणून आता माझं ऐका.

मला माहीत होतं.

मुलाखत संपल्यावर मी पाणी प्यायला बाहेर गेले, तेव्हा रेकॉर्डर टेबलावर चालूच राहिला होता. त्यात तुमचा आवाज आहे, "बाई, हे सिम्युलेटर बंद कुठून करायचं?" आणि बाईंचा, "राहू द्या मास्तर, मी करते. छान बोललात." मी ते ऐकलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आणि मुलाखत कागदावर उतरवताना त्या जागी 'अस्पष्ट' असं लिहिलं.

बाकीच्या सगळ्या मुलाखतींत नुसती रड होती. आमच्या प्रकल्पप्रमुख मॅडमना एक तरी यशाची गोष्ट हवी होती, आणि मला ती माझ्या बापाची हवी होती. तुम्ही एका दुपारपुरतं खोटं बोललात. मी ते छापलं.

काल सगळ्या गटासमोर सांगून टाकलं. इंजिनिअरिंगचे सर म्हणाले, "एका प्रकरणानं असं काय बिघडतं?" माझ्यासमोरची अहवालाची प्रत मॅडमनी हळूच स्वतःकडे ओढून घेतली. ते प्रकरण काढलंय, माझं नावही काढलंय. पुढचं काम मिळेलसं वाटत नाही. प्राचार्यांना आमच्याकडून पत्र गेलंय, की त्यांचा निर्णय या अहवालावरून झाला असेल तर अहवाल चुकीचा होता.

मग धाकट्या बाईंना फोन केला. त्या सध्या एका दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात. प्राचार्यांनी परत बोलावलंय, पण त्यांनी अजून होकार दिलेला नाही. म्हणाल्या, "मास्तर येऊन गेले. दुकानात गर्दी होती, तर बाहेरच उभे राहिले बिचारे. माफी मागताना त्यांना धड बोलताही येईना." हे तुम्ही आईलाही सांगितलं नाहीत.

मीही माफी मागितली. त्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही तेव्हा प्राचार्यांशी बोललात, मास्तरांशी बोललात, अगदी स्टोअरवाल्याशीसुद्धा बोललात. मला का नाही हो काही विचारलंत?"

बाबा, त्या दिवशी त्या दाराशीच उभ्या होत्या. आणि मी त्यांना म्हटलं होतं, "जरा दार लावून घेता का? रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतोय." त्यांनी बाहेरून दार लावून घेतलं होतं. त्यांना ते आठवत असणार. त्यांनी बोलून दाखवलं नाही.

रविवारी घरी येतेय. स्टँडवर मला न्यायला येऊ नका. तेवढा रस्ता मला एकटीनं चालू द्या.

तुमच्यावरच गेलेली,
चिऊ