अठ्ठावीस दातांची चक्री

शुक्रवार, ४ नोव्हेंबर २०१६

आज परत उतरावं लागलं. कुबडावर. त्याच जागी.

कुबड म्हणजे निझव्याच्या पलीकडे डोंगरातल्या गाढववाटेवरचा तो चढ. उंटाच्या पाठीसारखा एकदम वर उठतो, म्हणून आम्हीच ठेवलेलं नाव. वाट पुढे ओसाड पडलेल्या मातीच्या गावापर्यंत जाते. दोन हिवाळे झाले, जमेल त्या शुक्रवारी मस्कतमधल्या अझैब्याहून गाडीवर सायकली बांधून निघतो. धनंजय वर पोचतो, दगडावर बसून फोटो काढतो. मी मागून सायकल ढकलत. "आलीस? ये, बस." प्रेमानेच म्हणतो. पण ढकलत वर येणाऱ्या बायकोला नवऱ्याचं प्रेमसुद्धा टोचतं.

आज नीट लक्ष दिलं. माझा दम संपत नाही. पाय अडकतात. सगळ्यात हलका गिअर टाकून झालेला असतो, त्याच्या खाली काही शिल्लकच नसतं. पेडल वरच्या टोकाला येतं आणि तिथेच थांबतं — मी सगळ्या वजनानिशी त्याच्यावर उभी, आणि सायकल जागची हलत नाही!

बावन्न किलोत काय हलणार.

रविवार, ६ नोव्हेंबर

ऑफिसात डबा खाता खाता हिशेब मांडला. पेडलपाशी पुढच्या चक्रीला चौतीस दात, मागच्या सगळ्यात मोठीला बेचाळीस. दोघांच्या सायकली एकाच दिवशी घेतल्या, मॉडेल एकच, माझी साइझ लहान. म्हणजे कंपनीने फ्रेम लहान केली आणि गिअर धनंजयचेच ठेवले! त्याचं वजन माझ्या दीडपट.

दिवसभर इमारतींच्या तुळया डिझाइन करते. भार बदलला की तुळई बदलते, हे मला कुणी सांगायला नको. आणि इतके दिवस मी आपल्याच पायांना नावं ठेवत बसले. साधा भागाकार केला नाही.

रात्री जेवताना विषय काढला. धनंजय म्हणाला, चक्री लहान करणं म्हणजे हार मानणं, त्यापेक्षा पाय बनव. शिवाय सपाट रस्त्यावर नुसती हवेत पाय मारत बसशील. मी म्हटलं, सपाट रस्त्यावर माझ्या मागे कोण लागलंय?

हसला नाही. हल्ली चटकन थकतो. ऑफिसात माणसं कमी केलीत, दोघांचं काम एकट्यावर आलंय.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

पूर्वा — "आई, तू त्या हिलवर एवढी अँग्री का होते? ती तर तिथेच राहणार ना."

चौदाव्या वर्षी हे शहाणपण. मराठी मात्र अजून अशी.

शनिवार, १२ नोव्हेंबर

सफूरा आली होती. मूळची चिपळूणची, इथे दातांची डॉक्टर. दर शनिवारी वाळूत नाहीतर वाडीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, सायकल फिरवते. मला रचनाताई म्हणते आणि माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने जाते. चौतीस दात ऐकून म्हणाली, माणसाला बत्तीस पुरतात, तुम्हाला चौतीस कशाला?

चहा होईपर्यंत दोघी सायकल उलटी करून बसलो. पुढे दोन चक्र्या बसवाव्यात, पूर्वीच्या सायकलींना असत तशा, हे माझ्या मनात होतं. तिने मोडीत काढलं. आणखी एक तार, आणखी एक खटका, आणि धूळ बसली की ऐन चढावर चेन खाली. हे तर मीही भोगलंय जुन्या सायकलीवर. मग राहतात दोन वाटा. मागचा अख्खा संच बदलायचा, शेचाळीस दातांपर्यंत जाणारा घ्यायचा आणि पुढे तीस. तिच्या सायकलला तसंच आहे. किंवा मागचं काही न हलवता पुढची चक्री थेट अठ्ठावीसची.

कागदावर दोन्ही जवळपास सारखेच. हलक्यातला हलका गिअर दोन्हीकडे पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा साधारण दोन तृतीयांश फेरा. सफूराच्या जोडीत सपाटीवरचा वेग जास्त राहतो. धनंजय लगेच म्हणाला, तर मग तेच घे.

कागदावर सारखं. पायाला सारखं लागेल का?

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

ओमानचा राष्ट्रीय दिन. सगळा रस्ता झेंड्यांनी आणि दिव्यांच्या माळांनी भरलाय.

धनंजय आला नाही. झोपतो म्हणाला. मी आणि सफूरा गेलो, कुबडाखाली सायकली अदलाबदल केल्या. आमची उंची सारखीच.

तिच्या सायकलवर अर्ध्यापर्यंत मस्त गेले. मग शेवटच्या गिअरसाठी खटका दाबला. सदतीस दातांवरून चेन एकदम शेचाळीसवर — पायाखालची पायरी नाहीशी व्हावी तसं झालं. पाय गरकन फिरले, तोल गेला, उतरले. पुन्हा केलं. पुन्हा तेच. सफूराला सवय आहे, तिचे पाय ती उडी आधीच ओळखतात. माझे नाही. माझ्या संचात सदतीसनंतर बेचाळीस, लहानशी पायरी. मला ती पायरी हवी.

ठरलं. पुढे अठ्ठावीस. वेग गेला तर गेला.

परत येताना गाडीत गाणं म्हणत होते. सफूरा म्हणाली, अजून चढला कुठे तुम्ही? खरंय. पण का चढत नव्हते ते तर कळलं!

सोमवार, २१ नोव्हेंबर

दुकानात अठ्ठावीसची नाही. "किसके लिए मॅडम, बच्चे के लिए?" माझ्यासाठी, म्हटलं. मग दुकानदार जरा गडबडला, दुबईहून मागवतो म्हणाला. दोन हफ्ते, इन्शाल्ला.

मंगळवार, ६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. संध्याकाळी माबेल्यात सगळे जमलो. वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या. पूर्वाने सरणत्तयं न चुकता म्हटलं. घरी येताना ती गाडीत झोपली. आमच्या मजल्याचे जिने चढताना धनंजय मध्येच थांबून मोबाइल बघत होता. माणसाला ऑफिस घरीसुद्धा सोडत नाही.

शनिवार, १० डिसेंबर

चक्री आली. हातात घेतली तर बशीएवढी.

मला वाटलं होतं धनंजय बाजूला बसून बघेल. पण त्यानेच हत्यारं काढली. जुनी चक्री सोडवली, नवी बसवली. चेन आता लांब पडत होती, ती मोजून तोडली, जोडली, मग जुन्या फडक्याने एकेक कडी पुसली. गॅलरीत ऊन होतं, आम्ही दोघं खाली फरशीवर. "खेळण्यासारखी दिसते," म्हणाला. आणि पुसतच राहिला. किती दिवसांनी आम्ही असे काही न बोलता एकत्र बसलो होतो.

शेवटी मागचं चाक उचलून पेडल फिरवलं. सगळे गिअर पाण्यासारखे बदलले.

"शुक्रवारी जाऊ," तो म्हणाला. "बघू दे तुझी अठ्ठावीस."

शुक्रवार, १६ डिसेंबर. निझवा, हॉस्पिटल. दुपार

लिहिते. बसून करायचं काय?

सकाळी हवा छान गार होती. कुबडाखाली धनंजय नेहमीसारखा पुढे, त्याच्यामागे मी, सफूरा सगळ्यात शेवटी. सदतीस, मग बेचाळीस. आणि पाय फिरत राहिले! सावकाश, पण थांबेनात. जिथे दर वेळी उतरते तो पांढरा दगड बाजूने गेला, मी सीटवरच. हसू यायला लागलं. धनंजयचं मागचं चाक माझ्यापुढे हातभरावर. आजवर त्या चढावर मी त्याच्या इतक्या जवळ कधी नव्हते.

म्हणून ऐकू आलं.

त्याचा श्वास. दमलेल्या माणसाचा नव्हे. करवत अडकावी तसा, तुटका. मी हाक मारली, त्याने हात हलवला — ठीक आहे. पण तो हात लगेच छातीवर गेला. मी ओरडले, "थांब! धनंजय, आत्ताच्या आत्ता थांब."

थांबला. खाली बसला. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, एवढ्या थंडीत. पाच मिनिटं बसू दे, होईल बरं, असं म्हणत होता. सफूरा येऊन पोचली, नाडी धरली, आणि तिचा चेहरा बदलला. पाठीवरच्या पिशवीतून अ‍ॅस्पिरिन काढून त्याला चावायला लावली. मला म्हणाली, यांना एक पाऊल चालू देऊ नका. आणि स्वतः त्या उतारावरून अशी सुटली की मला बघवेना.

खाली खजुरीच्या बागेत एका ओमानी म्हाताऱ्याची पिकअप होती. त्याला आणि त्याच्या भावाला घेऊन सफूरा आली. गाडी पायथ्यापर्यंत चढली. दोघांनी धनंजयला चादरीत घालून उचलून खाली नेलं. म्हातारा सारखं म्हणत होता, यल्ला, यल्ला, खैर, खैर — चला, सगळं बरं होईल. रस्ताभर त्याने एकदाही ब्रेक दाबला नसेल.

ईसीजी झाला. हृदयाला रक्त नेणारी नस बंद पडत आलीय. संध्याकाळी अँब्युलन्सने मस्कतला हलवणार. इथले डॉक्टर म्हणाले, वर गावापर्यंत गेले असते तर सांगता आलं नसतं. वेळेत आणलंत.

सफूरा गाडी घेऊन पुढे मस्कतला निघालीय, पूर्वाला घेऊन तिकडच्या हॉस्पिटलात येईल. पूर्वाला फोन केला. रडली नाही. "बाबाला सांग, आय ॲम कमिंग. मी येते. सफूरामावशीबरोबर येते." सगळं मराठीत म्हणायचा प्रयत्न करत होती.

शनिवार, १७ डिसेंबर

स्टेंट बसला. काचेतून बघितला. डोळे उघडे होते.

सोमवार, १९ डिसेंबर

आज वॉर्डात आणलं. चेहऱ्याला रंग आलाय. पूर्वाने मोसंबी सोलून दिली, खाल्ली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं फारसं नुकसान नाही. उद्यापासून चालायला लागा, आणि सगळं नीट राहिलं तर उन्हाळ्याआधी सायकलसुद्धा.

मग त्यांनी विचारलं, दम कधीपासून लागत होता? शुक्रवारीच पहिल्यांदा, असं मी सांगणार होते. त्याआधी धनंजय बोलला. डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे बघत.

"दोन वर्षं झाली. वर पोचलो की बसायचो. हिला यायला वेळ लागायचा, तेवढ्यात बरं वाटायचं."